एका वर्षाची नोंदवही : ब्रिटन, १८३१

विश्वकोशांत आणि वर्षपुस्तकांत एखाद्या देशाच्या एखाद्या वर्षाचे पान असते. आधी घटना, मग जन्म, शेवटी मृत्यू. राज्याभिषेक, पूल कोसळणे, एखादा शोध, एखाद्या शास्त्रज्ञाचा जन्म या साऱ्यांना सारखीच एकेक ओळ मिळते. शाळेत अशा पानाचा उपयोग फार तर प्रश्नमंजूषेपुरता होतो. ‘मॅक्सवेलचा जन्म कधी झाला?’ ‘१८३१.’ एक गुण मिळाला, विषय संपला.

अशा पानाचा याहून चांगला उपयोग करता येतो. त्यासाठी प्रत्येक नोंदीला तीन प्रश्न विचारायचे. ही गोष्ट त्या वर्षी कोणाला माहीत होती? ती पुढे उपयोगी पडण्यासाठी आणखी कशाची गरज होती? आणि शेजारशेजारच्या दोन नोंदींमध्ये खरोखर संबंध आहे, की तो निव्वळ योगायोग आहे? उदाहरण म्हणून आपण ब्रिटनचे १८३१ हे वर्ष घेऊ. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातली निदान चार प्रकरणे या वर्षाशी जोडलेली आहेत.

वर्तमानपत्रांतले १८३१

त्या वर्षी लंडनमध्ये वर्तमानपत्र वाचणाऱ्याला ‘यंदाची मोठी बातमी कोणती?’ असे विचारले असते, तर त्याने विज्ञानाचे नावही घेतले नसते. मोठी बातमी होती संसदेच्या सुधारणेची. मँचेस्टरसारख्या गिरण्यांच्या शहराला स्वतःचा खासदार नव्हता आणि ओल्ड सेरम या जवळजवळ निर्मनुष्य टेकडीला मात्र दोन खासदार होते. ही विसंगती दूर करणारे विधेयक १ मार्च रोजी मांडले गेले. ८ ऑक्टोबरला उमरावांच्या सभागृहाने सुधारणेचे नंतरचे विधेयक फेटाळले. त्यानंतर नॉटिंगहॅमचा किल्ला जाळण्यात आला आणि ब्रिस्टलमध्ये तीन दिवस दंगल चालली. मधल्या काळात १ ऑगस्टला नवा लंडन पूल वाहतुकीस खुला झाला आणि ८ सप्टेंबरला चौथ्या विल्यमचा राज्याभिषेक झाला. एप्रिलमध्ये लिव्हरपूलला उतरलेले राजा राममोहन रॉय या समारंभाला उपस्थित होते.

या बातम्या खोट्या किंवा क्षुल्लक नव्हत्या. सुधारणेचा कायदा पुढच्या वर्षी झाला आणि ब्रिटनचे राजकारण बदलले. आज १८३१ च्या ज्या नोंदी आपल्याला सर्वांत मोठ्या वाटतात, त्या मात्र या बातम्यांमध्ये जवळपास कुठेच नाहीत.

पुलावरची कवायत

१२ एप्रिलला मँचेस्टरजवळ ब्रॉटन येथे ७४ सैनिकांची एक तुकडी इर्वेल नदीवरच्या झुलत्या पुलावरून परत येत होती. चार-चारच्या रांगा होत्या आणि पावले एका तालात पडत होती. पूल पावलांबरोबर हलू लागला तशी सैनिकांना मजा वाटली. त्यांनी शीळ घालून ताल धरला आणि पाय अधिकच जोरात आपटले. एवढ्यात एका टोकाला साखळीचा बोल्ट तुटला आणि पूल एका बाजूला कलला. सुमारे ४० जण नदीत पडले. पाणी उथळ होते. वीसेक जण जखमी झाले, प्राणहानी झाली नाही.

अनुस्पंदन शिकवताना हा प्रसंग नेहमी सांगितला जातो. झोक्याला त्याच्या स्वतःच्या लयीत हलके हलके धक्के दिले, तरी तो उंच जातो. पुलालाही स्वतःची लय असते आणि पावलांची लय तिच्याशी जुळली, की छोट्या धक्क्यांची बेरीज होत जाते. मात्र गोष्ट इथेच थांबवली, तर ती अर्धीच राहते. चौकशीत तो बोल्ट मुळातच सदोष असल्याचे आढळले होते. कंपनांनी त्यावर जास्तीचा ताण आणला आणि दोष उघडा पडला. अपघाताला बहुधा एकाहून अधिक कारणे असतात, हेही विद्यार्थ्यांना याच उदाहरणातून सांगता येते. पुलावरून जाताना पावले मोडून चालण्याची शिस्त सैन्यात या अपघातानंतर रूढ झाली.

२९ ऑगस्ट : एक कडे आणि एक पत्र

लोहाराचा मुलगा आणि एके काळी पुस्तकबांधणीच्या दुकानातला उमेदवार असलेला मायकेल फॅरडे १८३१ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये काम करत होता. विजेपासून चुंबकत्व मिळते हे १८२० पासून माहीत होते. मग चुंबकत्वापासून वीज का मिळू नये? या प्रश्नावर त्याने आधीही प्रयत्न केले होते आणि ते फसले होते.

२९ ऑगस्टला त्याने मऊ लोखंडाचे सहा इंच व्यासाचे एक कडे घेतले. कड्याच्या एका अर्ध्या भागावर तांब्याच्या तारेची वेटोळी, दुसऱ्या अर्ध्या भागावर वेगळ्या तारेची वेटोळी. वेढे एकमेकांना टेकू नयेत म्हणून मध्ये सुतळी आणि कापड. दुसऱ्या वेटोळ्याची तार त्याने सुमारे तीन फुटांवर ठेवलेल्या चुंबकसूचीवरून नेली आणि पहिले वेटोळे विद्युतघटमालेला जोडले. सूची हलली, थरथरली आणि पुन्हा पहिल्या जागी येऊन स्थिर झाली. जोडणी तोडताच ती परत हलली. मधल्या काळात पहिल्या वेटोळ्यातून विद्युतधारा वाहतच होती, तरी सूची स्वस्थ होती.

आधीचे प्रयत्न का फसले असावेत ते इथे समजते. चुंबकत्व नुसते असून भागत नाही, ते बदलत असावे लागते. १७ ऑक्टोबरला फॅरडेने पोकळ वेटोळ्यात चुंबक सारून आणि बाहेर काढून धारा मिळवली. २८ ऑक्टोबरला मोठ्या चुंबकाच्या ध्रुवांमध्ये तांब्याची तबकडी फिरवून अखंड धारा मिळवली आणि २४ नोव्हेंबरला हे काम रॉयल सोसायटीपुढे वाचले गेले. कोयनेच्या पाण्यावर फिरणारी जनित्रे आणि गल्लीच्या टोकाचा ट्रान्सफॉर्मर दोन्ही याच तीन महिन्यांतल्या तत्त्वावर चालतात.

हा प्रयोग शाळेत सहज करता येतो. पुठ्ठ्याच्या नळीवर एनॅमलचा लेप असलेल्या तांब्याच्या तारेचे दोनशेएक वेढे घ्या, टोके खरवडून प्रयोगशाळेतल्या गॅल्व्हॅनोमीटरला जोडा आणि नळीत पट्टीचुंबक आत-बाहेर करा. मग मुलांना विचारा : फॅरडेने चुंबकसूची कड्यापासून तीन फूट दूर का ठेवली असेल?

त्याच २९ ऑगस्टच्या रात्री, लंडनपासून दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या श्रूजबरी गावी, वेल्समधला भूशास्त्राचा दौरा संपवून २२ वर्षांचा चार्ल्स डार्विन घरी परतला. घरी पत्र येऊन पडले होते. केंब्रिजचे प्राध्यापक हेन्सलो यांनी कळवले होते, की ‘बीगल’ नावाचे जहाज दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यांची पाहणी करायला निघत आहे आणि त्यावर निसर्ग-अभ्यासकाची जागा आहे. वडिलांनी हरकती घेतल्या. डार्विनने नकार कळवूनही टाकला. मग जोसाया वेजवुड या मामांनी एकेका हरकतीला लेखी उत्तर दिले, तेव्हा वडील राजी झाले. चेहऱ्यावरून स्वभाव ओळखता येतो असे मानणाऱ्या कप्तान फिट्झरॉयला डार्विनचे नाक पसंत नव्हते, तेही प्रकरण निभावले. वादळामुळे दोनदा माघारी फिरावे लागल्यावर अखेर २७ डिसेंबरला बीगलने प्लिमथ सोडले.

कडे आणि पत्र एकाच तारखेला यावेत हा शुद्ध योगायोग आहे. त्यात काही संकेत शोधू नये. त्या रात्री या दोन्ही गोष्टी मिळून फार तर पाच-दहा माणसांना माहीत होत्या, एवढे मात्र लक्षात ठेवण्यासारखे आहे.

इंडिया स्ट्रीटवरचे बाळ

‘जन्म’ या सदरात १३ जूनपुढे जेम्स क्लार्क मॅक्सवेल हे नाव दिसते. एडिंबरोमध्ये इंडिया स्ट्रीटवरच्या १४ क्रमांकाच्या घरात एका वकिलाला मुलगा झाला, एवढीच ती घटना. त्याच्या दीड महिना आधी, २८ एप्रिलला, जवळच्याच डाल्कीथ गावी पीटर टेट जन्मला होता. दोघे एकाच शाळेत शिकले आणि जन्मभराचे मित्र झाले. १८६० साली एडिंबरो विद्यापीठातल्या प्राध्यापकपदासाठी दोघांनीही अर्ज केला. जागा टेटला मिळाली आणि मॅक्सवेल लंडनला गेला.

फॅरडेला गणित फारसे येत नव्हते. चुंबकाभोवती लोखंडाचा कीस पसरला की ज्या रेषा दिसतात, त्यांच्या भाषेत तो विचार करी. अनेक गणितज्ञांना त्या रेषा म्हणजे अडाण्याची चित्रे वाटत. १८५५-५६ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, मॅक्सवेलने त्या रेषांवरच निबंध लिहिला आणि त्यांना गणिताचे रूप दिले. १८५७ साली वृद्ध फॅरडेने त्याला पत्रातून विचारले, की गणितज्ञांनी काढलेले निष्कर्ष साध्या भाषेतही सांगता येणार नाहीत का, म्हणजे आम्हा प्रयोग करणाऱ्यांनाही ते वापरता येतील. विज्ञान शिकवणाऱ्या प्रत्येकाने विचार करावा असा हा प्रश्न आहे.

१८६५ साली मॅक्सवेलने विद्युत्चुंबकीय क्षेत्राची समीकरणे प्रसिद्ध केली. त्यांतून निघणाऱ्या तरंगांचा वेग प्रकाशाच्या वेगाशी जुळत होता, म्हणजे प्रकाश हाही विद्युत्चुंबकीय तरंग असला पाहिजे. मॅक्सवेल १८७९ मध्ये ४८ व्या वर्षी वारला. हे तरंग प्रयोगशाळेत प्रत्यक्ष निर्माण केले ते जर्मनीत हाइनरिक हर्ट्‌झने १८८७-८८ मध्ये, आणि १८९० च्या दशकात जगदीशचंद्र बोस कलकत्त्यात त्यांवर काम करू लागले. १८३१ च्या पानावर कडे आणि बाळ एकमेकांपासून काही ओळींवर आहेत. त्यांची गाठ पडायला सुमारे २५ वर्षे लागली आणि त्या गाठीचे फळ दिसायला आणखी ३० वर्षे.

परिशिष्टात राहिलेली कल्पना

काही नोंदी वर्षाच्या यादीत सापडतात, पण त्या वर्षी त्या कोणालाच माहीत नव्हत्या. १ जून १८३१ रोजी जेम्स क्लार्क रॉस कॅनडाच्या उत्तरेला चुंबकीय उत्तर ध्रुवावर पोचला. उभ्या पातळीत फिरणारी त्याची चुंबकसूची जवळजवळ सरळ खाली, ८९ अंश ५९ मिनिटे, झुकली. पण त्याचे जहाज बर्फात अडकले होते. तो सुटून ब्रिटनला पोचला १८३३ मध्ये. तो ध्रुवबिंदूही तेव्हापासून एका जागी राहिलेला नाही. आज तो रॉसच्या खुणेपासून दोन हजार किलोमीटरहून अधिक सरकला आहे.

काही नोंदी छापून निघाल्या, तरी लपलेल्याच राहिल्या. स्कॉटलंडमधील पॅट्रिक मॅथ्यू या बागाइतदाराने १८३१ साली आरमारी जहाजांच्या लाकडाविषयी एक पुस्तक काढले. त्याच्या परिशिष्टात त्याने नैसर्गिक निवडीची कल्पना थोडक्यात मांडली आहे. डार्विनचा ग्रंथ आल्यावर १८६० मध्ये त्याने हे जाहीरपणे दाखवून दिले आणि डार्विननेही ते मोकळेपणाने मान्य केले. मग श्रेय डार्विनला का? मॅथ्यूची कल्पना जहाजाच्या लाकडाच्या पुस्तकात मागे पडून राहिली. डार्विनने बीगलवरची पाच वर्षे आणि नंतरची वीसहून अधिक वर्षे पुरावे गोळा केले, आक्षेपांना उत्तरे दिली. कल्पना सुचणे आणि ती सिद्ध करणे यांतले अंतर समजावण्यासाठी याहून चांगली जोडी मिळणे कठीण.

तसेच पेशीकेंद्रकाचे. नोव्हेंबर १८३१ मध्ये लिनियन सोसायटीपुढे रॉबर्ट ब्राऊनने ऑर्किडच्या पेशींत दिसणाऱ्या गोलसर भागाचे वर्णन केले आणि त्याला ‘न्यूक्लियस’ म्हटले. कांद्याच्या पापुद्र्यात मुले पाहतात तेच हे केंद्रक. प्रत्येक सजीव पेशींचा बनलेला असतो हा सिद्धांत १८३८-३९ मध्ये आला. म्हणजे केंद्रकाला नाव मिळाले तेव्हा पेशीचेच महत्त्व पुरते कळलेले नव्हते.

एक पुस्तक, एक परिषद, एक शब्द

त्याच वर्षी मेरी सॉमरव्हिल यांचे ‘मेकॅनिझम ऑफ द हेवन्स’ प्रसिद्ध झाले. लाप्लासचे ग्रहगणित त्यांनी इंग्रजी वाचकांना समजेल असे उलगडून मांडले होते. या बाई बव्हंशी स्वतःच गणित शिकल्या होत्या. केंब्रिजमध्ये विद्यार्थी त्यांचे पुस्तक वापरू लागले, मात्र विद्यापीठाची पदवी स्त्रियांना मिळत नव्हती. रॉयल सोसायटीने त्यांचा अर्धपुतळा दालनात ठेवला, पण स्त्रियांना सदस्यत्व दिले ते १९४५ साली.

सप्टेंबरच्या अखेरीस यॉर्क शहरात तीनशेहून अधिक मंडळी जमली आणि ब्रिटिश असोसिएशन ही विज्ञानप्रसारक संस्था स्थापन झाली. दरवर्षी वेगळ्या गावी जाऊन सभा घ्यायची, हे तिचे वैशिष्ट्य. १८३४ साली विल्यम ह्यूएलने सॉमरव्हिल यांच्याच पुढच्या पुस्तकाच्या परीक्षणात ‘सायंटिस्ट’ हा शब्द छापला आणि तो या संस्थेच्या सभेत सुचवला गेल्याचे सांगितले. म्हणजे १८३१ साली फॅरडे, ब्राऊन किंवा डार्विन यांना शास्त्रज्ञ म्हणण्यासाठी इंग्रजीत आजचा शब्दही नव्हता.

पटकी आणि मीठ-पाणी

या वर्षाची सर्वांत भीषण नोंद ऑक्टोबरची आहे. १८१७ मध्ये बंगालमधून पसरू लागलेली पटकी, म्हणजे कॉलरा, दुसऱ्या लाटेत रशियामार्गे युरोप ओलांडून संडरलंड बंदरात पोचली. १८३२ संपेपर्यंत ब्रिटनमध्ये तीस हजारांहून अधिक माणसे मेली. रोग दूषित हवेने होतो, असे बहुतेक डॉक्टर मानत. उपचार म्हणून रुग्णाचे रक्त काढत, पाऱ्याचे क्षार आणि अफू देत. आधीच पाणी गमावून बसलेल्या शरीरातून आणखी रक्त काढले जाई.

विल्यम ब्रुक ओशॉनसी नावाचा तरुण डॉक्टर संडरलंड-न्यूकॅसल भागात गेला आणि त्याने रुग्णांचे रक्त तपासले. डिसेंबर १८३१ च्या अखेरीस त्याने निष्कर्ष कळवला : रक्तातले पाणी आणि क्षार मोठ्या प्रमाणात कमी झालेले असतात आणि ते जुलाबात सापडतात. मग ते परत भरून का काढू नयेत? मे १८३२ मध्ये लीथ येथे थॉमस लाटा या डॉक्टरने क्षारयुक्त पाणी शिरेतून दिले. मरणाच्या दारातले काही रुग्ण उठून बसले. पण पुष्कळदा उपचार अगदी शेवटी होई, मिळालेले पाणी पुरे पडत नसे, आणि जंतुविरहित द्रावणाची कल्पनाच तेव्हा नव्हती. अनेक जण दगावले आणि पद्धत मागे पडली.

ओशॉनसी १८३३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्याने रसायनशास्त्र शिकवले आणि १८५० च्या दशकात कलकत्ता, आग्रा, मुंबई व मद्रास जोडणाऱ्या तारायंत्राच्या उभारणीचे नेतृत्व केले. पटकीतली त्याची सूचना मात्र दीर्घकाळ बाजूला राहिली. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे पाणी रुग्णांना तोंडाने पाजायला लावले आणि मृत्युदर सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आणला. तीच आपली जलसंजीवनी. आतड्यात ग्लुकोजबरोबर क्षार शोषले जातात आणि त्यांच्यामागे पाणी जाते, हे मधल्या काळात समजले होते. १८३१ च्या डिसेंबरात अर्धे उत्तर हाती होते. उरलेल्या अर्ध्याला १४० वर्षे लागली.

त्याच साथीत न्यूकॅसलजवळच्या एका कोळशाच्या खाणीवर रुग्णांची शुश्रूषा करायला १८ वर्षांचा एक उमेदवार पाठवला गेला होता. त्याचे नाव जॉन स्नो. पटकी पाण्यातून पसरते हे १८५४ साली लंडनच्या एका पंपाभोवतीचे मृत्यू मोजून ज्याने दाखवले, तोच हा.

योगायोग किती, कारण किती?

एवढे सारे वाचल्यावर १८३१ हे काही मंतरलेले वर्ष होते असे वाटेल. तसे मानू नये. आपण आधी उत्तर पाहून मग वर्ष निवडले आहे. बाण मारून झाल्यावर त्याभोवती वर्तुळ काढले, तर नेम अचूकच दिसणार. मॅक्सवेलच्या जन्माने त्या वर्षी काहीच घडवले नाही. आपण ती नोंद मागाहून, त्याचे काम पाहून केली आहे.

कारणे शोधायची असतील, तर ती या घटनांमागच्या परिस्थितीत शोधावीत. रॉयल इन्स्टिट्यूशनसारखी प्रयोगशाळा होती, म्हणून पुस्तके बांधणारा मुलगा संशोधक होऊ शकला. व्यापारासाठी आरमार किनाऱ्यांचे नकाशे काढत होते, म्हणून डार्विनला जहाज मिळाले. त्याच व्यापाराच्या जहाजांनी पटकीही आणली.

जन्मांची यादी वाचताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तीत ज्यांना शिकायची संधी मिळाली, त्यांचीच नावे असतात. मँचेस्टरच्या गिरण्यांत राबणाऱ्या कुटुंबांतही १८३१ मध्ये मुले जन्मली. त्यांच्यातली किती हुशारी वाया गेली याची नोंद कोणत्याच पानावर नाही. आपल्याकडे ३ जानेवारी १८३१ ला नायगावला सावित्रीबाईंचा जन्म झाला, तेव्हा त्याचीही बातमी झाली नसणार. त्या शिकल्या, १८४८ पासून पुण्यात त्यांनी मुलींना शिकवले, म्हणून आज आपण ती तारीख पाठ करतो.

वर्गात करून पाहण्यासाठी

आठवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांचे गट करून प्रत्येक गटाला एक देश आणि एक वर्ष द्यावे. भारतासाठी १९२८ घेता येईल. रामन परिणामाचा शोध त्या वर्षीच्या २८ फेब्रुवारीचा. गटाने दहा नोंदी निवडाव्यात आणि प्रत्येकीपुढे तीन रकाने आखावेत : त्या वर्षी हे कोणाला माहीत होते, पुढे कशाची गरज होती, शेजारच्या नोंदीशी संबंध की योगायोग. नमुन्यादाखल ‘१ जून १८३१, चुंबकीय ध्रुव’ ही नोंद फळ्यावर लिहावी. पहिल्या रकान्यात मुलांनी ‘बर्फात अडकलेली जहाजावरची माणसे, बाकी कोणी नाही’ असे लिहिले, तर रीत त्यांना समजली असे मानायला हरकत नाही.